ग्रंथपालांची पहिली शाळा आणि तिचा वादग्रस्त संस्थापक

ज्या ग्रंथालयांत दशांश वर्गीकरण पद्धती चालते, तेथील मराठी कथा, कविता, नाटके यांच्या पुठ्ठ्यावर ८९१.४६ या आकड्याने सुरू होणारा क्रमांक चिकटवलेला असतो. पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर ठेवायचे, हे तो आकडा सांगतो. ही पद्धत ज्याने घातली, त्या मेल्विल ड्यूई यांचे नाव जगभरच्या ग्रंथपालांना पाठ आहे. परंतु ड्यूई यांनी आकड्यांइतकेच टिकाऊ असे आणखी एक काम केले. ग्रंथपाल होण्यासाठी रीतसर शिक्षण घ्यावे लागते, ही कल्पना त्यांनी प्रत्यक्षात आणली आणि त्यासाठी १८८७ साली न्यूयॉर्कमध्ये जगातील पहिल्या ग्रंथपालन शाळांपैकी एक उघडली. या शाळेची वाट पुढे वडोदऱ्यापर्यंत येऊन पोहोचली. ज्या विद्यार्थिनींनी त्या शाळेचे नाव केले, त्यांच्याच पिढीला पुढे आपल्या गुरूविरुद्ध उभे राहावे लागले, हाही त्याच कथेचा भाग आहे.

ड्यूई यांचा जन्म १० डिसेंबर १८५१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ॲडम्स सेंटर या लहानशा गावी झाला. हंगेरीचे स्वातंत्र्यनेते लुई कोसूथ त्याच महिन्यात अमेरिकेत आले होते आणि त्यांच्या स्वागताची सर्वत्र धामधूम होती. आईवडिलांनी मुलाचे नाव मेल्विल लुई कोसूथ ड्यूई असे ठेवले. वडील जोएल ड्यूई जोडे तयार करीत व गावात दुकान चालवीत. घरात कष्ट, काटकसर आणि धर्मनिष्ठा यांचे वातावरण होते. पुढे या मुलाने आपल्या नावातील मधली दोन नावे गाळली, पहिल्या नावातील अनुच्चारित अक्षरे कमी केली आणि काही काळ आडनावही उच्चाराप्रमाणे लिहून पाहिले. अनावश्यक ते काढून टाकण्याचा हा ध्यास त्यांना जन्मभर सुटला नाही. दशमान मापे, सुलभ शुद्धलेखन, लघुलेखन ही त्यांची आवडती कार्ये होती आणि त्या सर्वांच्या मुळाशी माणसाचा वेळ वाचवावा ही एकच तळमळ होती. १८६८ साली त्यांच्या शाळेला आग लागली, तेव्हा पुस्तके बाहेर काढताना त्यांच्या छातीत धूर गेला आणि खोकला जडला. आपण फार जगणार नाही अशी धास्ती त्या तरुणाच्या मनात बसली. वेळेविषयीची त्यांची घाई तेव्हापासून अधिकच वाढली.

१८७० साली ते मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट महाविद्यालयात दाखल झाले. खर्च भागविण्यासाठी त्यांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम धरले. त्या काळी बहुतेक ग्रंथालयांत पुस्तकाला कपाटाचा आणि फळीचा ठरलेला क्रमांक असे. संग्रह वाढला किंवा कपाटे हलली की सगळे क्रमांक नव्याने घालावे लागत. त्याच विषयावरील नवे पुस्तक आले तर ते जागा मिळेल तेथे, जुन्यापासून दूर, जाऊन पडे. ड्यूई यांनी क्रमांक फळीला न देता विषयाला दिला. सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा पोटभाग अशी ती रचना होती. सेंट लुई येथील विल्यम हॅरिस यांच्या वर्गीकरणाचा आधार तिला होता, पण दशांशाची कल्पना तिच्यात घालून ड्यूई यांनी ती वापरण्यास अत्यंत सोपी केली. विद्यार्थी असतानाच १८७३ साली त्यांनी हा आराखडा ग्रंथालय समितीपुढे मांडला. १८७६ साली ४४ पानांची एक पुस्तिका म्हणून तो प्रसिद्ध झाला, तेव्हा मुखपृष्ठावर लेखकाचे नावसुद्धा नव्हते.

या सोप्या रचनेत त्या काळच्या अमेरिकी माणसाची दृष्टी शिरलेली होती, हेही येथे नोंदले पाहिजे. साहित्याच्या वर्गात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा भाषांना प्रशस्त दालने मिळाली. मराठी, हिंदी, बंगाली यांच्यासारख्या साहित्यांना मात्र शेवटच्या इतर भाषांच्या भागात, दशांश चिन्हानंतर, जागा शोधावी लागली. धर्माच्या वर्गातील बहुतेक आकडे ख्रिस्ती धर्माने व्यापले आणि उरलेले सारे धर्म २९० मध्ये एकत्र बसविले गेले. मराठी पुस्तकावरचा लांबलचक क्रमांक हा त्या दृष्टीचा परिणाम आहे.

१८७६ हे वर्ष ड्यूई यांच्या आयुष्यात विलक्षण धावपळीचे ठरले. बॉस्टन येथे येऊन त्यांनी ग्रंथपालांसाठी नियतकालिक काढण्यात भाग घेतला, आणि ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फिया येथे भरलेल्या परिषदेत अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची स्थापना झाली, तिचे ते चिटणीस झाले. पुढे त्यांनी ग्रंथालयांना लागणारे सामान पुरविण्याचा व्यवसायही उभा केला. साडेसात गुणिले साडेबारा सेंटिमीटरचे तालिकापत्र, ज्याच्या खणांनी पुढे शंभर वर्षे जगातील ग्रंथालये भरून गेली, त्याचा प्रसार याच काळात झाला. १८७८ साली वेलस्ली महाविद्यालयाच्या ग्रंथपाल ॲनी गॉडफ्रे यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१८८३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयाने त्यांना ग्रंथपाल म्हणून बोलावले. कोलंबियात तेव्हा स्त्रियांना प्रवेश नव्हता. ड्यूई यांनी येताच वेलस्लीच्या सहा पदवीधर तरुणींना ग्रंथालयात नेमले. त्यांच्यापुढे दुसराही विचार होता. त्या वेळी ग्रंथपाल तयार होण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे जुन्या ग्रंथपालाच्या हाताखाली उमेदवारी करणे. वकील, डॉक्टर, शिक्षक यांच्यासाठी विद्यालये आहेत, तर ग्रंथपालांसाठी का नसावे, असा त्यांचा प्रश्न होता. १८८४ साली विश्वस्तांनी शाळेला मान्यता दिली, मात्र महाविद्यालयाच्या तिजोरीवर तिचा भार पडता कामा नये या अटीवर. कोलंबियाचे अध्यक्ष फ्रेडरिक बर्नार्ड हे स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते होते आणि त्यांचा ड्यूई यांना पाठिंबा होता.

शाळा उघडण्याचा दिवस जवळ आला तेव्हा प्रवेश मिळालेल्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, हे विश्वस्तांच्या ध्यानात आले. त्यांनी वर्गासाठी महाविद्यालयाची कोणतीही खोली देण्यास नकार दिला. ड्यूई यांनी माघार घेतली नाही. वापरात नसलेली एक अडगळीची खोली त्यांनी झाडून घेतली, इकडूनतिकडून टाकाऊ टेबलखुर्च्या जमविल्या आणि ५ जानेवारी १८८७ रोजी ठरल्याप्रमाणे वर्ग भरविला. समोर वीस विद्यार्थी बसले होते. त्यांपैकी सतरा स्त्रिया होत्या.

त्या खोलीत शिकविले जाणारे विषय आज साधे वाटतील, पण तेव्हा ते कोणी एकत्र शिकविलेले नव्हते. पुस्तक दाखल करून घेण्याची नोंद, तालिका, वर्गीकरण, संदर्भसेवा, बांधणी, देवघेव, इमारतीची रचना, वाचकांशी बोलण्याची रीत, हे सारे अभ्यासक्रमात होते. नामांकित ग्रंथपाल आणि प्रकाशक पाहुणे म्हणून येत व आपले अनुभव सांगत. सकाळी व्याख्यान आणि नंतर ग्रंथालयात प्रत्यक्ष काम, असा क्रम असे. विद्यार्थ्यांनी वह्यांच्या वह्या टिपणांनी भरविल्या. अक्षर हा तर स्वतंत्र विषयच होता. टंकलेखन यंत्रे अद्याप सर्वत्र पोहोचली नव्हती, त्यामुळे तालिकापत्रे हाताने लिहावी लागत. कोणीही लिहिले तरी ते सारखेच आणि सहज वाचता येईल असे दिसावे, यासाठी उभ्या, सुट्या, गोलसर अक्षरांचे एक वळण ठरविण्यात आले होते. ते वळण बोटांत बसेपर्यंत विद्यार्थी तासन् तास गिरवीत असत.

प्रवेशाच्या अर्जात मात्र एक खटकणारी गोष्ट होती. शिक्षण आणि वाचन यांबरोबर उमेदवाराची उंची, वजन, केसांचा व डोळ्यांचा रंग ही माहिती मागितली जाई आणि छायाचित्रही जोडावे लागे. ड्यूई यांना स्त्रियांच्या बुद्धीवर विश्वास होता, यात शंका नाही. परंतु सुशिक्षित स्त्रिया पुरुषांहून कमी पगारावर काम करतील, हा हिशेबही त्यांच्या विचारात होता. या व्यवसायाचे दार त्यांनी स्त्रियांसाठी उघडले आणि त्याच वेळी अल्प वेतनाची रूढीही त्या दारातून आत आली.

विश्वस्तांशी सुरू झालेला संघर्ष मिटला नाही. बर्नार्ड यांची प्रकृती ढासळली आणि ड्यूई यांचा आधार गेला. १८८८च्या अखेरीस त्यांना कोलंबिया सोडावे लागले. परंतु न्यूयॉर्क राज्याने त्यांना लगेच ऑल्बनी येथे बोलावून घेतले आणि राज्य ग्रंथालय त्यांच्या हाती दिले. १८८९ साली शाळाही त्यांच्यामागून ऑल्बनीला गेली आणि न्यूयॉर्क स्टेट लायब्ररी स्कूल या नावाने राज्याच्या विधानभवनात भरू लागली.

ऑल्बनीतील शाळेचा खरा संसार मेरी सलोम कटलर यांनी चालविला. विवाहानंतर त्या फेअरचाइल्ड या नावाने ओळखल्या गेल्या. ड्यूई यांचा वेळ अनेक उद्योगांत विभागलेला असे. वर्ग घेणे, वह्या तपासणे, पुस्तकाची पारख करण्यास शिकविणे, विद्यार्थिनींच्या अडचणी ऐकणे हे काम उपसंचालक म्हणून त्यांच्याकडे होते. दूरदूरच्या राज्यांतून आलेल्या तरुणी गावात खोल्या घेऊन राहत. अभ्यासाचा ताण एवढा असे की काहींची प्रकृती बिघडे. वर्षातून एकदा सर्व वर्ग बॉस्टन, न्यूयॉर्क अशा शहरांतील ग्रंथालये पाहण्यासाठी प्रवासाला निघे. मोठमोठ्या संस्था आतून पाहणे, तेथील ग्रंथपालांशी बोलणे आणि त्याच वेळी पुढील नोकरीची ओळख करून घेणे, असे दुहेरी काम त्या सहलीत होई. शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी एकमेकांशी पत्रव्यवहार ठेवीत, संघटनेच्या अधिवेशनांत एकत्र भोजन करीत आणि रिकाम्या जागांची वार्ता परस्परांना कळवीत. एखाद्या गावी नवे ग्रंथालय निघाले की तेथे ऑल्बनीचा माणूस बोलावला जाऊ लागला.

या माजी विद्यार्थिनींनी जे केले, त्यामुळे शाळेचा प्रभाव ऑल्बनीबाहेर पसरला. १८८७च्या पहिल्या वर्गात बसलेल्या मेरी राइट प्लमर यांनी ब्रुकलिन येथील प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथपालन शाळा नावारूपाला आणली आणि १९११ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची शाळा सुरू झाली तेव्हा तिच्या प्रमुख झाल्या. ॲलिस क्रोगर यांनी फिलाडेल्फियात ड्रेक्सेल येथे, तर कॅथरिन शार्प यांनी १८९३ साली शिकागोत आर्मर इन्स्टिट्यूटमध्ये शाळा काढली. शार्प यांची शाळा १८९७ साली इलिनॉय विद्यापीठात गेली. म्हणजे एका अडगळीच्या खोलीतून निघालेल्या विद्येच्या अवघ्या दहा वर्षांत चार शाखा झाल्या आणि त्यांतील तीन शाखांच्या मुळाशी ड्यूई यांच्या विद्यार्थिनी होत्या. नॉर्वेतील कित्येक तरुणांनी ऑल्बनीत शिकून मायदेशी आधुनिक ग्रंथालये उभी केली. चीनमधून आलेले सॅम्युएल सेंग हे प्लमर यांच्या न्यूयॉर्कच्या शाळेत शिकले आणि १९२० साली वूचांग येथे चीनमधील पहिली ग्रंथपालन शाळा स्थापण्यात त्यांचा वाटा होता.

ड्यूई यांची कीर्ती शिगेला पोहोचली होती तेव्हाच त्यांच्या पतनाचीही सुरुवात झाली. १८९५ साली त्यांनी आणि ॲनी यांनी न्यूयॉर्क राज्याच्या डोंगराळ भागात लेक प्लॅसिड क्लब नावाचे विश्रांतिस्थान काढले. या क्लबात ज्यू धर्मीयांना आणि कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, आणि ही बंदी छापील स्वरूपात प्रसिद्ध केलेली होती. राज्याच्या तिजोरीतून वेतन घेणारा अधिकारी असा भेद कसा पाळू शकतो, असा प्रश्न विधिज्ञ लुई मार्शल यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमधील प्रतिष्ठित ज्यू नागरिकांनी १९०५ साली उपस्थित केला. राज्याच्या शिक्षण मंडळाने ड्यूई यांना जाहीर समज दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी राज्य ग्रंथपालाचे पद सोडले आणि त्याबरोबर शाळाही सोडली.

त्याच वर्षी दुसरे एक प्रकरण उघडकीला आले. १९०५च्या उन्हाळ्यात पोर्टलंड येथील अधिवेशनानंतर ग्रंथपालांची एक सहल अलास्काला गेली. त्या प्रवासात ड्यूई यांनी काही स्त्री सहकाऱ्यांशी अंगचटीला येण्याचे वर्तन केले, अशी तक्रार झाली. ती पहिली नव्हती. स्त्रियांशी वागताना ते मर्यादा ओलांडतात, ही कुजबुज व्यवसायात बराच काळ होती. ज्यांच्या शब्दावर शिफारशी, नोकऱ्या आणि बढत्या अवलंबून होत्या, त्यांच्याविरुद्ध बोलणे तरुण स्त्रियांना सोपे नव्हते. तरीही १९०६ साली व्यवसायातील अनुभवी स्त्रियांनी ठाम भूमिका घेतली आणि ज्या संघटनेच्या जन्मवेळी ड्यूई तिचे चिटणीस झाले होते, तिच्या कारभारातून त्यांना बाजूला व्हावे लागले. न्यायालयात वा वृत्तपत्रांत त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. शार्प यांच्यासारख्या काही शिष्या मात्र अखेरपर्यंत त्यांच्याशी एकनिष्ठ राहिल्या. १९०७ साली विद्यापीठ सोडून त्या लेक प्लॅसिड येथे गेल्या आणि १९१४ साली तेथेच एका मोटार अपघातात त्यांचा अंत झाला.

ड्यूई गेले, परंतु शाळा थांबली नाही. एडविन अँडरसन आणि त्यांच्यानंतर जेम्स वायर हे दोन्ही संचालक तिचेच माजी विद्यार्थी होते. २९ मार्च १९११ रोजी पहाटे ऑल्बनीच्या विधानभवनाला आग लागली. एक पहारेकरी मरण पावला, सुमारे साडेचार लाख पुस्तके व पावणेतीन लाखांच्या आसपास हस्तलिखिते जळाली. ग्रंथालय नव्या इमारतीत हलविण्याची तयारी चालू असतानाच हा घाला पडला. एवढ्या राखेतूनही शाळेचे वर्ग पुढे चालू राहिले.

त्याच १९११ साली वडोदऱ्यात भारतातील पहिला ग्रंथपालन प्रशिक्षण वर्ग भरत होता. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेच्या दौऱ्यात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. सक्तीचे प्राथमिक शिक्षण देऊन भागणार नाही, शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला पुस्तक मिळाले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. १९१० साली त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना वडोदऱ्यात आणले. बॉर्डन हे ड्यूई यांच्या कोलंबियातील शाळेत शिकविलेले गृहस्थ होते. तीन वर्षांच्या मुक्कामात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, खेडोपाडी ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आणि फिरत्या पेट्यांतून पुस्तके पोहोचविण्यास गती दिली आणि संस्थानातील माणसांनाच हे काम शिकविण्यासाठी वर्ग काढला. ड्यूई यांची दशांश पद्धत त्यांनी जशीच्या तशी लादली नाही. ड्यूई आणि चार्ल्स कटर या दोघांच्या पद्धतींतून निवड करून त्यांनी वडोदऱ्यासाठी वेगळे वर्गीकरण बांधले. १९१२ साली तेथून लायब्ररी मिसेलनी हे नियतकालिक निघू लागले आणि त्यात इंग्रजी व गुजराती यांच्यासह मराठी मजकूरही असे. बॉर्डन परत गेल्यावर जनार्दन कुडाळकर, मोतीभाई अमीन, न्यूटन दत्त यांच्यासारख्यांनी ही चळवळ पुढे नेली. १९१५ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात वर्ग सुरू करणारे असा डॉन डिकिन्सन हेही ड्यूई यांच्या परंपरेतलेच होते. पाठोपाठ १९२९ साली मद्रासमध्ये रंगनाथन यांच्या पुढाकाराने शाळा निघाली आणि भारतीय ग्रंथपालनाने स्वतःची वाट धरली.

ड्यूई यांची उरलेली वर्षे लेक प्लॅसिड येथे गेली. १९२२ साली ॲनी यांचे निधन झाले. १९२४ साली त्यांनी एमिली बील यांच्याशी दुसरा विवाह केला. म्हातारपणीही त्यांचे वर्तन सुधारले नव्हते. त्यांच्याकडे पूर्वी काम केलेल्या एका लघुलेखिकेने केलेल्या तक्रारीपोटी १९३० साली त्यांना दोन हजारांहून अधिक डॉलर देऊन तडजोड करावी लागली. फ्लोरिडात त्यांनी क्लबाची दक्षिणेकडील शाखा काढली होती. तेथेच २६ डिसेंबर १९३१ रोजी, ऐंशी वर्षे पूर्ण होऊन पंधरवडा उलटला असता, त्यांचा मृत्यू झाला. पुढे काही आठवड्यांतच लेक प्लॅसिड येथे हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. त्या तेथे आणण्यासाठी त्यांचा मुलगा गॉडफ्रे झटला होता.

शाळा १९२६ सालीच पुन्हा कोलंबियात आली होती. ऑल्बनीची शाळा आणि न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची शाळा या दोन्ही एकत्र करून कोलंबिया विद्यापीठाने ग्रंथालयसेवा विद्यालय स्थापन केले. ज्या संस्थेने एकेकाळी वर्गासाठी खोली नाकारली, तिनेच तिला सन्मानाने घर दिले. १९९२ साली मात्र विद्यापीठाने ते विद्यालय बंद केले. तोवर या शाळेच्या शिष्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी चालविलेल्या संस्था अनेक देशांत रुजल्या होत्या.

२०१९ साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने ड्यूई यांच्या नावाने दिले जाणारे पदक त्यांच्या नावापासून वेगळे करण्याचा ठराव केला. ज्यू आणि कृष्णवर्णीय यांच्याविषयीचा त्यांचा भेदभाव आणि स्त्रियांशी केलेले गैरवर्तन ही त्याची कारणे देण्यात आली. स्त्रियांनी ही गोष्ट १९०६ सालीच सांगितली होती, ती व्यवसायाने उघडपणे मान्य करण्यास शंभरहून अधिक वर्षे लागली. ड्यूई यांची पद्धत ग्रंथालये अजूनही वापरतात आणि दर आवृत्तीत तिच्यातील जुने पूर्वग्रह दुरुस्त करण्याचे काम चालू असते. त्यांच्या शाळेविषयीही असेच म्हणता येईल. कल्पना आणि जिद्द त्यांची होती, पण तिला विश्वास आणि प्रतिष्ठा मिळवून दिली ती मेरी फेअरचाइल्ड, मेरी प्लमर, ॲलिस क्रोगर, कॅथरिन शार्प अशा स्त्रियांनी. एखाद्या गावच्या ग्रंथालयात मागितलेले पुस्तक दोन मिनिटांत हाती पडते, त्यामागे या शिक्षिकांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून गिरवून घेतलेली शिस्त आहे.